काचेवरचे शेवाळ

उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू पुण्याहून इंदूरला आला, तेव्हा आम्हां दोघांनी मिळून बैठकीच्या खोलीत मत्स्यालय मांडले. वाळू अंथरली, पाणवनस्पती रोवल्या आणि दुकानदाराच्या शिफारशीवरून शेवाळ खाणारे चार इवले मासे आणले. त्यांचे नाव ओटोसिंक्लस. नातू त्यांना ‘ओटो’ म्हणे. आपल्या मागूर-शिंगाळ्यांच्या विस्तीर्ण गोतावळ्यातले हे दक्षिण अमेरिकेतील धाकटे भाईबंद. लांबी जेमतेम दीड इंच, कुशीवर एक काळसर पट्टा, आणि तोंड असे की पानाला चिकटून ते तासन् तास चरत राहतात. जून उजाडताच नातू परत गेला आणि त्यांचा सांभाळ माझ्याकडे आला.

मी पडलो मुख्याध्यापक. फळे, फरश्या आणि मुलांची नखे तपासण्यात उभी हयात गेलेली. दर रविवारी मी काच घासून लखलखीत करी आणि गाळणीचा स्पंज नळाच्या धारेखाली खळखळून धुई. महिन्याभरात चारही मासे गेले. शेवटचा तळहातावर घेतला, तेव्हा त्याचे पोट खपाटीला गेलेले होते.

त्याच सायंकाळी पुण्याहून फोन आला. “आजोबा, ओटो कसे आहेत?”

“उत्तम आहेत,” मी म्हणालो.

नक्कल करणाऱ्या मुलांना आजवर मी काय काय सुनावले असेल! पण तो शब्द माझ्या तोंडून किती सहज निघाला. सौभाग्यवती दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही.

मग मी वाचू लागलो, जाणत्यांना विचारू लागलो. यांतले बहुतेक मासे नदीत पकडलेले असतात आणि लांबच्या प्रवासात उपाशीच राहतात. मत्स्यालयात येताच त्यांना काचेवर, पानांवर कोवळे शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणारा बुळबुळीत थर हवा असतो. नवे, घासलेले मत्स्यालय म्हणजे त्यांच्या दृष्टीने दुष्काळी मुलूख. शिवाय माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे सूक्ष्म जीव त्या स्पंजातच वस्ती करतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मी त्यांचाही निकाल लावला होता. स्पंज धुवायचा तो मत्स्यालयातून काढलेल्या पाण्यातच. या जिवांना ‘सफाईवाले’ म्हणून विकतात, याचा मला आता राग येतो. काळे, केसाळ शेवाळ तर ते तोंडालाही लावत नाहीत.

गणेश चतुर्थीच्या दिवशी नातवाला फोनवर खरे ते सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आता दिवाळीपर्यंत काच घासू नका.” मी आज्ञा पाळली. एवढेच नव्हे, तर पाणी भरलेल्या बरणीत गुळगुळीत गोटे घालून ती गच्चीवर उन्हात ठेवली. गोटे हिरवे झाले की मत्स्यालयात सोडी. काचेवर हिरवी झाक धरली, तशी येणारेजाणारे विचारू लागले, “सर, हे असे कसे?”

दिवाळीत नातवासह त्याच दुकानात गेलो. हे मासे कळपात रमतात म्हणून सहा घेतले. दुकानात पंधरवडा काढलेले आणि पोटाने गुबगुबीत असे एकेक निवडून. पिशवीतल्या पाण्यात आमचे पाणी तासभर थोडेथोडे मिसळत राहिलो. उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची चकती गोट्याखाली दाबून ठेवली, तर आठ दिवस तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. रात्री ठेवायची, सकाळी काढून टाकायची; राहिली तर पाणी नासते. नवव्या रात्री दोघे तिच्यावर चिकटलेले दिसले, तेव्हा मी सौभाग्यवतीला झोपेतून उठवले.

आता दर रविवारी चौथाई पाणी बदलतो, नव्या पाण्यात क्लोरीन मारणारे थेंब घालून. थंडीत हीटर चोवीस अंशांवर असतो. काच फक्त समोरची पुसतो.

रविवारी फोनही येतो. “किती आहेत?”

“पाच. एक पहिल्याच आठवड्यात गेला, ते मी तुला त्याच दिवशी सांगितले.”

“आणि पोटं?”

“थांब,” मी म्हणतो, आणि बॅटरी घेऊन काचेपाशी जातो.