घराचं इरलं

परवा राधानगरीला जाऊन आलो. पाऊस आमच्याकडचाच, म्हणजे वरून कमी आणि आडवा जास्त!

तिथलं आमचं जुनं घर कौलारू, मातीच्या भिंतींचं. वळचण इतकी खाली की वाकूनच आत जायचं. लहानपणी डोकं हमखास आपटायचं. आजोबा म्हणायचे, "घरानं इरलं घेतलंय रे." रोपलावणीला बायका पाठीवर बांबू आणि पानांचं इरलं घेत, कासवाच्या पाठीसारखं. छपराचंही तेच काम. उतारावर पाणी थांबत नाही आणि खाली आलेल्या वळचणीमुळे मातीच्या भिंतीला झड लागत नाही.

मध्यंतरी फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुरचनाकाराबद्दल वाचलं. घर त्या जागेतूनच उगवल्यासारखं दिसावं, असं तो म्हणे. याला सेंद्रिय वास्तुकला म्हणतात. 1935 साली त्याने पेनसिल्व्हेनियात धबधब्यावरच्या घराचा आराखडा केला. फोटो पाहून थक्क व्हायला होतं. पण ते घर पहिल्यापासून गळायचं, आणि पुढे काढलेले सज्जे वाकले म्हणून 2002 साली त्यांना आधार द्यावा लागला.

मला हसू आलं नाही. कारण 2009 साली आमचं घर पाडायचं ठरलं तेव्हा 'स्लॅबच टाकू' म्हणणारा पहिला मीच होतो. दरवर्षी घर शाकारायचं, वानरं कौलं फोडणार, माणूस मिळत नाही... कारणं खोटी नव्हती. आजोबा गप्प राहिले. "तुळई तेवढी विकू नका," एवढंच म्हणाले.

दुसऱ्याच पावसाळ्यात स्लॅब पाझरू लागला. आता त्यावर लोखंडी सांगाडा करून उतरता पत्रा घातलाय. गावात बऱ्याच स्लॅबवर तसाच दिसतो. म्हणजे पावसानं शेवटी त्याला हवा तो आकार करून घेतलाच! पण या पत्र्याची वळचण खाली येत नाही. भिंती अजून ओल्याच, आणि सर पडली की शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू येत नाही.

असो. हे सगळं लिहायचं कारण, काकांचं मागचं घर अजून कौलारू आहे आणि धाकटा चुलतभाऊ ते यंदा दिवाळीनंतर पाडायचं म्हणतोय. बाबा रे, वाचत असशील तर थोडं थांब. आजोबांची तुळई गोठ्यात अजून शाबूत आहे. मे महिन्यात शाकारायला मी येतो, रजा काढून. नुसता सल्ला देऊन एकदा झालंय माझं.