‘मी’ आणि ‘आम्ही’

गेल्या उन्हाळ्यात इंझोरीच्या आमच्या जुन्या घरी नातलग जमले होते. पुतण्याच्या मुलीचा स्नानसंस्कार त्या रविवारी चर्चमध्ये व्हावयाचा होता. आदल्या संध्याकाळी ओसरीवर बोलणे निघाले, आणि पुतण्याने आपल्या मनातील गोष्ट सांगितली. “काका, पाणी ओततांना फादर एकटेच ‘मी’ का म्हणणार? आईवडील, आजोबा, धर्मपिता, धर्ममाता, सारेच उभे असणार. सगळ्यांच्या वतीने ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असे म्हटले तर?”

खरे सांगावयाचे तर ऐकताक्षणी ही कल्पना आम्हांस गोड वाटली. या लेखात आम्ही स्वतःसाठी ‘आम्ही’ वापरीत आहोत, त्यामुळे त्या शब्दाशी आमचे वैर असण्याचे कारण नाही. परंतु नेमका हाच प्रश्न 2020 साली रोमपर्यंत गेला होता. मातापित्यांच्या, आजीआजोबांच्या, कुटुंबीयांच्या व साऱ्या समुदायाच्या नावाने ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असे म्हणून दिलेला स्नानसंस्कार वैध ठरतो काय? त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये श्रद्धातत्त्वविषयक मंडळाचे उत्तर प्रसिद्ध झाले: नाही. ज्यांना तो तसा दिला गेला, त्यांना पुन्हा नव्हे, तर प्रथमच स्नानसंस्कार द्यावा.

या उत्तराचा आघात कोठवर पोहोचला हे अमेरिकेतील डेट्रॉइट महाधर्मप्रांतातील फादर मॅथ्यू हूड यांच्या प्रसंगावरून कळते. 2017 साली त्यांची गुरुदीक्षा झालेली. आपल्या बालपणीच्या स्नानसंस्काराचे चित्रीकरण त्यांच्या पाहण्यात आले होते, आणि 1990 सालच्या त्या चित्रफितीत डीकन स्पष्टपणे ‘आम्ही’ म्हणत होते! स्नानसंस्कार नाही म्हणून दृढीकरण नाही, आणि गुरुदीक्षाही नाही. तीन वर्षे अर्पण केलेली मिस्सा, दिलेली पापक्षमा, सारेच अवैध. 2020 च्या त्याच ऑगस्ट महिन्यात त्यांना आरंभापासून सर्व संस्कार घ्यावे लागले. त्यांच्या हातून लहान मुलांना मिळालेले स्नानसंस्कार तेवढे उभे राहिले, कारण स्नानसंस्कार कोणीही देऊ शकतो. पुढे 2022 साली फिनिक्स धर्मप्रांतातही एका धर्मगुरूंचे ‘आम्ही’ उघडकीस आले आणि हजारो कुटुंबांची झोप उडाली.

पुतण्या ऐकून घेत होता. मग म्हणाला, “काका, म्हणजे हा मंत्रच झाला की! एक अक्षर चुकले की फळ नाही. मग आपण कशाला मंत्रतंत्रांना नावे ठेवावी?”

आक्षेप खोटा नव्हता. त्यास उत्तर द्यावयाचे तर आमच्या आजीची हकीकत सांगणे भाग होते. ती याच घरात घडली.

1955 साली अमरावतीचा धर्मप्रांत नागपूरपासून वेगळा झाला. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आमचा जन्म. तेव्हा इंझोरी अकोला जिल्ह्यात मोडे. वाशीम जिल्हा 1998 सालचा. दिवस भरण्यापूर्वीच आम्ही जन्मलो, रडलो नाही, अंग निळसर पडले. ओढ्यांना पूर, आणि धर्मगुरू यावयाचे तर पायी. आजीने तांब्या उचलला व आमच्या कपाळावर तीन वेळा पाणी ओतीत म्हटले, “बापाच्या, लेकाच्या अन् पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुले बाप्तिस्मा देतो.” तिला अक्षरओळख नव्हती. चर्चमध्ये तो विधी तिने लॅटिनमध्येच ऐकलेला. हे वाक्य मिशनच्या मास्तरांनी तिला कधीतरी शिकविले होते, आणि तिने ते वऱ्हाडीत सांभाळून ठेवले होते.

आम्ही जगलो. पाऊस ओसरल्यावर फादर आले. त्या काळी शंका नको म्हणून अशा बालकास सशर्त स्नानसंस्कार देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी होती. ‘तुला तो मिळाला नसेल तर’ असे आरंभी म्हणून. फादरांनी तसे केले नाही. ते याच ओसरीवर बसले आणि म्हणाले, “आजी, त्या रात्री काय म्हणालात ते पुन्हा म्हणा.” आजी घाबरली. “चुकलं का, फादर?” तिने वाक्य म्हटले. फादरांनी विचारले, बाप कोण, लेक कोण? ती म्हणाली, “बाप म्हणजे देवबाप, लेक म्हणजे येशू.” पाणी डोक्यावरून वाहिले का? वाहिले. “आणि मनात काय होते?” आजी म्हणाली, “पोराले देवाच्या घरचं करावं, दुसरं काय?”

फादरांनी पाण्यास हात लावला नाही. तैलाभ्यंग केले, पांढरे वस्त्र पांघरले, मेणबत्ती दिली, आणि नोंदवहीत आमचे नाव लिहिले. ही सारी हकीकत आईने आम्हांस इतक्या वेळा सांगितली आहे की ती आम्ही पाहिलीच असे वाटते.

आठव्या शतकात बव्हेरियातील एका धर्मगुरूस लॅटिन धड येत नसे. पिता आणि पुत्र या शब्दांची रूपे तो बिघडवी. त्याच्या तोंडी पुत्राऐवजी ‘लेकीच्या’ नावाने असेच काहीसे येई. संत बोनिफेस यांनी अशांना पुन्हा स्नानसंस्कार देण्याचे ठरविले, तेव्हा पोप झकारिया यांनी त्यांना रोखले. त्या माणसास पाखंड शिकवावयाचे नव्हते, त्याचे फक्त व्याकरण कच्चे होते. म्हणून तो स्नानसंस्कार ग्राह्य. मंत्राचा कायदा असता तर हा निकाल लागला नसता, आणि आमची आजीही नापास झाली असती.

मग ‘आम्ही’लाच एवढा विरोध का? कारण तो अज्ञानाने अडखळलेला शब्द नव्हे. तो बोलणाऱ्यालाच बदलतो. संत ऑगस्टीन यांच्या मते पेत्राने स्नान दिले तरी ते ख्रिस्तच देतो, यहूदाने दिले तरी ख्रिस्तच. ‘मी’ म्हणतांना फादर स्वतःचे घोडे पुढे दामटीत नाहीत. त्यांच्या मुखाने तो दुसरा ‘मी’ बोलत असतो. ‘आम्ही’ म्हटले की तेथे आपण येतो, म्हणजे आपले प्रेम, आपला गोतावळा. मराठीत तर ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद मुलांनाही कळतो: ‘आम्ही’मध्ये ज्याच्याशी बोलावयाचे तो नसतोच. ते बाळ बिचारे बाहेरच राहिले!

एकच वाक्य सर्वत्र हवे, असाही हट्ट नाही. विदर्भातच चांदा हा सिरो-मलबार धर्मप्रांत आहे. पौर्वात्य परंपरेत ‘अमुक याला बाप्तिस्मा दिला जात आहे’ अशा अर्थाचे शब्द असतात. तेथे ‘मी’ उच्चारला जात नाही, तरी तो पूर्ण वैध. आमच्या वाशीममधील नाझरीन मंडळीतून कोणी कॅथलिक ख्रिस्तसभेत येऊ इच्छिला, तर पाणी आणि त्रैक्याचे नाव यांची खात्री पटल्यावर त्याला पुन्हा स्नान दिले जात नाही.

फादर हूड यांचा विचार मात्र अजूनही आमच्या मनातून जात नाही. तीस वर्षे त्यांची श्रद्धा खोटी होती काय? तसे कोणीच म्हणत नाही. देवाने तारण स्नानसंस्काराशी जोडले, पण तो स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही, ही ख्रिस्तसभेचीच शिकवण आहे. तरीही त्यांना पाण्याखाली जावेच लागले. चुकीची किंमत चूक करणाऱ्याने नव्हे, तर ज्याला काही कळतच नव्हते त्या तान्ह्या बालकाने मोजली, हे आम्हांस बोचते.

रविवारी पुतण्याला त्याचा अनेकवचनी वाटाही मिळाला. आईवडिलांनी व धर्ममातापित्यांनी बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण केली, श्रद्धेच्या प्रश्नांना मोठ्याने उत्तरे दिली. पाण्याच्या वेळी सारे गप्प झाले, आणि फादर म्हणाले, ‘मी’.

सूनबाई आरोग्यकेंद्रात परिचारिका आहे. निघण्यापूर्वी तिने वही काढून आम्हांकडून ते वाक्य लिहून घेतले. प्राण जाण्याची भीती असेल, आईवडिलांची इच्छा असेल आणि धर्मगुरू जवळ नसतील तेव्हाच, हे आम्ही तिला दोनदा बजावले. लिहिता लिहिता ती थांबली. “काका, पण ‘देतो’ की ‘देते’?”

“आजी ‘देतो’ म्हणाली होती,” आम्ही म्हणालो, “तुझ्या तोंडी ‘देते’ येईल.”

तिने ‘देते’ लिहिले आणि वही पिशवीत टाकली.