तफावत मिटल्यावर

१९८२च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी टॉम ब्रॅडली उभे होते. गुलामाचे नातू, दुसऱ्याची शेती वाट्याने कसणाऱ्याचे पुत्र, लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यात लेफ्टनंटपर्यंत पोचलेले आणि १९७३पासून त्या शहराचे महापौर. मतदानपूर्व चाचण्यांत ते पुढे होते. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांचा कौलही त्यांच्याच बाजूचा. एका वृत्तपत्राने तर त्यांच्या विजयाचा मथळा छापला. मोजणी संपली तेव्हा जॉर्ज ड्यूकमेजियन निवडून आले होते, पाऊण कोटीहून अधिक मतांत सुमारे ९३ हजारांनी.

या तफावतीला पुढे ‘ब्रॅडली परिणाम’ म्हणू लागले. गोरा मतदार सांगताना कृष्णवर्णीय उमेदवाराचं नाव सांगतो, मत मात्र दुसऱ्याला देतो, असा त्याचा अर्थ. ड्यूकमेजियन यांच्या प्रचारप्रमुखाने ऑक्टोबरातच पत्रकारांपुढे हे बोलून दाखवलं होतं आणि त्यापायी त्याला पद सोडावं लागलं. अर्थात सगळा दोष छुप्या वर्णद्वेषावर टाकता येत नाही. प्रत्यक्ष केंद्रांवर पडलेल्या मतांत ब्रॅडली पुढेच होते. त्यांना हरवलं ते टपाली मतांनी. बंदुकांवर निर्बंध आणू पाहणारा एक प्रस्ताव त्याच दिवशी मतदानाला होता, त्याचे विरोधकही मोठ्या संख्येने बाहेर पडले.

मला जास्त अस्वस्थ करतो तो १९८९चा व्हर्जिनिया. तिथले गव्हर्नरपदाचे कृष्णवर्णीय उमेदवार डग्लस वाइल्डर चाचण्यांत बरेच पुढे होते आणि जिंकले जेमतेम सात हजारांच्या आत. अभ्यासकांना तिथे एक गोष्ट दिसली: विचारणारी व्यक्ती कृष्णवर्णीय असली की गोरे मतदार वाइल्डरना अधिक पाठिंबा सांगत. माणूस तोच, प्रश्न तोच. विचारणारा बदलला की उत्तर बदलत होतं. या खोटेपणाचा राग यायला हवा, आणि येतोही. पण त्यात एक लाज आहे, हे मी नाकारू शकत नाही. आपल्या मनात जे आहे ते या माणसाच्या तोंडावर बोलणं बरं नाही, एवढं त्या मतदाराला कळत होतं. त्याच्या आजोबांना तेवढंही वाटलं नसतं. मात्र या लाजेचा हात मतपत्रिकेपर्यंत पोचला नाही, आणि वाइल्डर यांच्यासारख्याला तिची किंमत मोजावी लागली.

२००८ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी जॉन मॅकेन यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या बराक ओबामांच्या बाबतीतही असंच होईल, अशी भीती होती. नोव्हेंबरात चाचण्या आणि निकाल जवळजवळ जुळले. अनेकांनी सुटकेचा श्वास घेतला, मीही घेतला. तरी त्या आनंदात एक गल्लत होती असं आता वाटतं. चाचणी बरोबर ठरली याचा अर्थ लोक खरं बोलले, इतकाच. ज्याला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष नकोच होता, त्याने ‘मॅकेन’ म्हटलं आणि मॅकेनलाच मत दिलं, तर आकड्यांत तफावत कुठून दिसणार? कारण विचारलं तर कर सांगता येतात, अनुभव सांगता येतो. तफावत मोजणं सोपं म्हणून आपण तिच्यामागे लागलो; पूर्वग्रह तिच्याबाहेरही तितकाच ऐसपैस राहू शकतो.

ब्रॅडली १९८६ साली पुन्हा उभे राहिले, ड्यूकमेजियन यांच्याच विरुद्ध. या वेळी चाचण्यांत ते मागे होते आणि वीस टक्क्यांहून अधिक फरकाने हरले. अंदाज चुकला नव्हता, म्हणून त्या पराभवात रंगाचा वाटा किती, याची चर्चा पहिल्या पराभवासारखी कधी झालीच नाही.