निदान

मराठीत ‘निदान’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि दोन्ही अर्थ रोजच्या व्यवहारातले आहेत. वैद्य रोगाचे निदान करतो. आणि ‘निदान एकदा तरी येऊन जा’ असे आपण दूरच्या आप्ताला कळवतो. कारणाचा शोध आणि किमान अपेक्षा, या दोन गोष्टी एकाच शब्दात निमूटपणे नांदत आहेत. आयुर्वेदाच्या परंपरेत माधवकराचा ‘रोगविनिश्चय’ नावाचा ग्रंथ आहे. ‘माधवनिदान’ या नावाने तो अधिक प्रसिद्ध आहे. या ग्रंथात रोगांची कारणे आहेत, लक्षणे आहेत, साध्य-असाध्यतेचा विचार आहे. चिकित्सा मात्र नाही. औषध न सांगणारा वैद्यकग्रंथ इतकी शतके अभ्यासला जावा, याचे मला विद्यार्थिदशेपासून नवल वाटत आले आहे. ते नवल अलीकडे पुन्हा जागे झाले, आणि त्याचे निमित्त एका जुन्या मोटारीचे आहे.

ही मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. इटलीच्या फियाट ११०० या गाडीचा हा भारतीय अवतार. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘डिलाइट’ म्हणून तयार होणारी ही गाडी पुढे ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’. राष्ट्रपतिपदावरून राणीपदावर येण्याचा हा प्रवास आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी दुर्लक्षिला, हे एक बरेच झाले. १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावर गिअर, आणि कोणत्याही नाक्यावर दुरुस्त करून मिळण्याची खात्री एवढ्या भांडवलावर या गाडीने चार दशके मध्यमवर्गाची आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांची सेवा केली. टॅक्सींना वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्या वेळी वृत्तपत्रांतून बरेच स्मरणरंजन छापून आले. सुट्या भागांचा बाजार या टॅक्सींनीच जिवंत ठेवला होता, त्याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले.

माझी गाडी १९८८ सालची. ती मी १९९५ मध्ये दुसऱ्या हाताने घेतली आणि अध्यापनाची सगळी वर्षे तिनेच मला पुण्यातून आणि पुण्याबाहेर हिंडवले. गेल्या हिवाळ्यात तिच्या इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले. घराजवळच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये गाडी नेली. तेथील तरुणाने बॉनेट उघडले, दोन मिनिटे ऐकले आणि ‘पूर्ण इंजिन करावे लागेल’ असा निकाल देऊन खर्चाचा कागद हाती ठेवला. आकडा मोठा होता; पण प्रश्न पैशांपुरता नव्हता.

येथे थोडा तांत्रिक तपशील देणे आवश्यक आहे. पिस्टनची वरखाली गती चक्राकार करणारा जो दांडा, त्याला क्रँक म्हणतात. तो झिजला की घासून गुळगुळीत करतात आणि त्यावर त्या प्रमाणात जाड बेअरिंग बसवतात. घासण्याची मापे ठरलेली असतात. मिस्त्री त्यांना दहा, वीस, तीस, चाळीस म्हणतात. हे इंचाचे सहस्रांश. चाळीस म्हणजे एक मिलिमीटरहून किंचित अधिक. माझ्या गाडीचा क्रँक आधी वीसवर गेला होता आणि २०११ मध्ये चाळीसवर. त्यापुढचे बेअरिंग बाजारात मिळत नाही. आता पुन्हा इंजिन ‘पूर्ण करणे’ म्हणजे हा क्रँक टाकून देणे, आणि नवा मिळत नसल्याने भंगारातल्या कुठल्याशा गाडीचे इंजिन आणून बसवणे. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात असतो; पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि त्या वेळी तो क्रमांक ताडून पाहतात. थोडक्यात, निदान चुकले असते तर दुरुस्तीला दुसरी संधी नव्हती.

म्हणून मी भवानी पेठेतल्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. आयुष्यभर घणांच्या आणि सायलेन्सरांच्या आवाजात काम केल्यामुळे त्यांचा उजवा कान जवळजवळ गेला आहे. गॅरेजवाल्यांचा निकाल सांगितल्यावर ते म्हणाले, “सर, उघडायचं केव्हाही उघडता येतं. उघडल्यावर आवाज कुठनं आणणार?”

हे वाक्य मला फार मोलाचे वाटले. इंजिनाचा ठोका हा चालू इंजिनातच असतो. ते खोलून भाग टेबलावर मांडले की झीज दिसते, मापता येते. पण पस्तीस वर्षांच्या इंजिनात झीज सर्वत्रच असते. कोणती झीज बोलत होती आणि कोणती नुसतीच झिजली होती, हे मुके भाग सांगू शकत नाहीत. कवितेची चिरफाड करून रूपके आणि प्रतिमा वेगळ्या काढणारे शोधनिबंध मी शेकड्यांनी तपासले आहेत. त्यांत सर्व भाग बहुधा बिनचूक मोजलेले असतात.

मिस्त्रींनी पहिले तीन दिवस पान्याला हात लावला नाही. गाडी रात्रभर त्यांच्याकडेच ठेवून घेतली, कारण थंड इंजिन कसे बोलते ते त्यांना ऐकायचे होते. सिलिंडर झिजून पिस्टन सैल झाला असेल तर थंडपणी खडखड होते आणि इंजिन तापून पिस्टन फुगला की ती विरते. अशा गाड्या पुढे कित्येक वर्षे चालतात. आमच्या गाडीची कथा उलटी होती. सकाळी ती शांत असे आणि तेल तापून पातळ झाल्यावर ठोका सुरू होई. एवढ्यावरून पिस्टन बराचसा सुटला.

त्यांच्या शब्दसंग्रहाकडे माझे विशेष लक्ष होते. आपल्या व्याकरणांत नादानुकारी शब्दांना एखाद्या परिच्छेदापलीकडे जागा मिळत नाही. मुलांच्या गोष्टींत शोभणारा हा भाषेचा बालिश थर आहे अशी समजूत दिसते. मिस्त्रींच्या बोलण्यात मात्र हे शब्द पारिभाषिक संज्ञांचे काम करतात आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. टिकटिक ही टॅपेटची. ती क्रँकच्या निम्म्या वेगाने होते, कारण झडपा उघडणारा कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो. खटखट ही कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची, आणि ती पाय पेडलवरून सोडताना अधिक स्पष्ट होते. धपधप ही मेन बेअरिंगची. ती ओझ्याखाली, खोलातून येते, आणि कानाआधी पायाला कळते. किणकिण ही घाटात, गिअर न बदलता पेडल दाबल्यावर होणारी. तिला मुळात कोणताही सुटा भाग कारण नसतो. इंग्रजीतील मोटारविषयक पुस्तकेही हीच विभागणी करतात आणि त्यांच्याही संज्ञा नादातूनच आलेल्या आहेत, ही गोष्ट भाषाभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. आनंदवर्धनाने ‘ध्वनी’ ही संज्ञा वैयाकरणांकडून उचलली. ती त्याला मिस्त्रींकडेही मिळू शकली असती, असे म्हटल्यास काव्यशास्त्राचे आमचे मित्र रागावतील.

कान साक्ष देतो, पण एकट्या कानावर मिस्त्री विसंबत नाहीत. लाकडी मुठीचा एक लांब पेचकस त्यांच्याकडे आहे. त्याचे टोक इंजिनाच्या अंगावर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. निकामी झालेल्या उजव्या बाजूलाही मग थोडेफार कळते, असे ते सांगतात. पॅरिसमध्ये १८१६ साली लाएनेक या वैद्याने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला, ही हकीकत मी त्यांना सांगितली. “त्यांच्याकडे पेचकस नसेल,” एवढेच ते म्हणाले.

किणकिणीचा उलगडा प्रथम झाला. कात्रजच्या चढावर ती हमखास होत असे. ठिणगी पडून ज्वाला पसरत असताना कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने एकदम आपोआप पेटते, त्या दाबलहरी सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि धातू किणकिणतो. पद्मिनीच्या इंजिनातील दाब आजच्या गाड्यांच्या मानाने कमीच. तेव्हा दोष इंधनापेक्षा ठिणगीच्या वेळेचा किंवा साचलेल्या काजळीचा असणार, असा मिस्त्रींचा तर्क होता. त्यांनी डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवून ठिणगी थोडी उशिरा पडेल असे केले आणि आम्ही पुन्हा कात्रज चढून आलो. किणकिण गेली. खटखट तेवढी राहिली. गॅरेजमधल्या तरुणाने या दोन आवाजांना एकच समजून एकच मोठा रोग ठरवला होता, हे तेव्हा उमगले.

या किणकिणीचा इतिहास काळा आहे आणि तो येथे टाळणे मला प्रशस्त वाटत नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये आढळले की, शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये अत्यल्प प्रमाणात मिसळले तर हा आवाज नाहीसा होतो. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील ज्या कारखान्यात ते तयार होत असे, तेथील पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरीही ते पेट्रोल जगभर गेले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले; जगात ते सर्वांत शेवटी अल्जीरियात २०२१ मध्ये थांबले. शंभर वर्षे इंजिने शांत राहावीत म्हणून मुलांच्या रक्तात शिसे जात राहिले. माझ्याही पिढीच्या रक्तात ते असणार. ठोका थांबवण्याचा तो उपाय होता. तो ऐकून घेण्याची तसदी घ्यायला फारसे कोणी तयार नव्हते. जुन्या गाड्यांच्या बाजारात याचाच एक घरगुती प्रकार चालतो. इंजिनात जाड तेल भरले की बेअरिंगचा आवाज गिऱ्हाइकाचा व्यवहार पुरा होईपर्यंत दबून राहतो. काही ग्रंथांना मोठ्या समीक्षकांच्या प्रस्तावना जोडतात त्यामागचा हेतू यापेक्षा फार वेगळा नसतो. अशा चार-दोन प्रस्तावना मीही लिहिल्या आहेत.

राहिली खटखट. तिच्यासाठी मिस्त्रींनी जी पद्धत वापरली ती मला तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवावीशी वाटते. इंजिन तापवून, चालू ठेवून, एकेका सिलिंडरची ठिणगी क्रमाने बंद करायची. ज्या सिलिंडरात स्फोट होत नाही त्याच्या कनेक्टिंगवर दाब येत नाही. तेथील बेअरिंग सैल असेल तर त्याचा ठोका तेवढ्यापुरता मंदावतो. पहिली ठिणगी काढली, खटखट तशीच. दुसरी; तशीच. तिसरी काढताच ठोका जणू दाराआड गेला. चौथीला पुन्हा पूर्ववत. मग त्यांनी क्रँकच्या पुढची पुली हलवून पाहिली, कारण ती सैल असली तर अगदी बेअरिंगसारखी वाजते आणि या एका पुलीपायी कित्येक इंजिने विनाकारण खोलली गेली आहेत. क्लच दाबून आवाज बदलतो का ते पाहिले. पेट्रोल पंपाला पेचकस लावून ऐकले. संशयितांना असे एकेक करून घरी पाठवताना त्यांच्या चेहऱ्यावर घाई नव्हती.

नंतर तेलाच्या दाबाचा काटा लावला. माझ्या गाडीत त्यासाठी केवळ एक लाल दिवा आहे आणि तो लागतो तेव्हा बहुधा वेळ निघून गेलेली असते. फेऱ्यांच्या दर हजारास दहा पौंड दाब मिळाला तर काळजी नको, असा मिस्त्रींचा ढोबळ हिशेब; गरम तेलावर काटा त्याच्या किंचित वरच राहिला. मेन बेअरिंगे शाबूत असल्याची ती खूण होती. शेवटी तेल काढून ते उन्हात पांढऱ्या थाळीत ओतले. त्यात बारीक चमक होती, तांबूस. बेअरिंगचा वरचा मऊ थर जाऊन खालचे तांबे उघडे पडू लागल्याची. खडे किंवा कपच्या नव्हत्या.

यानंतरच पाने निघाले, आणि तेही खालून. इंजिन जागच्या जागी थोडे उचलून चेंबर उतरवले आणि फक्त तिसऱ्या कनेक्टिंगचे बेअरिंग सोडले. दोन अर्धगोल पट्ट्या. वरची मध्यभागी तांबूस झालेली. क्रँकच्या त्या भागाला मिस्त्रींनी मायक्रोमीटर उभा-आडवा लावला. दोन मापांतला फरक दोन शतांश मिलिमीटर. त्यांनी तो दोनदा तपासला, मग मला पाहायला लावले, आणि तर्जनीचे नख हळूच फिरवून ओरखडा लागतो का ते बघितले. नख अडले नाही. क्रँक घासण्याची गरज नव्हती. चाळीसचेच नवे बेअरिंग मिळाले तर काम भागणार होते.

नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांची रांगच आहे. पहिल्या सहा दुकानांत ‘पद्मिनी’ म्हणताच लोक हसले. एकाने माझ्याकडे करुणेने पाहिले. सातव्या दुकानातील वृद्ध मालक शिडी लावून माळ्यावर चढले आणि बराच वेळ खाली आलेच नाहीत. आले तेव्हा त्यांच्या हातात मेणकापडात गुंडाळलेला, धूळ खाल्लेला एक संच होता आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलीने ‘४०’ लिहिले होते. पूर्ण चारांचा संच घ्यावा लागला. उरलेले तीन जोड मिस्त्रींनी परत मेणकापडात बांधून माझ्या हाती दिले आणि कोरड्या जागी ठेवायला सांगितले.

बेअरिंग बसवून, चेंबर चढवून, नवे तेल भरून गाडी सुरू झाली तेव्हा दुकानातला मुलगा म्हणाला, “गेला आवाज.” मिस्त्री काही बोलले नाहीत. पेचकस हाडाला लावून ते बराच वेळ वाकून उभे राहिले, पहिल्या सिलिंडरपासून चौथ्यापर्यंत गेले, परत तिसऱ्यावर आले. मग इंजिन बंद करायला सांगून म्हणाले, “पाचशे किलोमीटर हळू चालवा, सर. चढावर जोर नको. मग सकाळच्या वेळी आणा; थंड असताना एकदा आणि तापल्यावर एकदा ऐकू.”