डीजे आणणार की होणार?

आपल्याकडे डीजे हा माणूस नसतो, वस्तू असते. "यंदा मंडळानं डीजे लावलाय" म्हणजे ट्रकवर भिंतीसारखे रचलेले स्पीकर, मागे धूर सोडणारा जनरेटर आणि छातीत घुसणारी धडधड. त्यामुळे रात्री जेवताना मी जेव्हा जाहीर केलं की धाकटीच्या हळदीला मी डीजे होणार आहे, तेव्हा आईनं पोळी वाढता वाढता विचारलं, "होणार म्हणजे? आणणार ना?"

कल्पना खरं तर धाकटीची. तिला तो भाड्याचा माणूस नको होता. तो सगळ्या लग्नांत तीच वीस गाणी त्याच क्रमानं वाजवतो, आणि मधेच माइकवर "लेडीज, लेडीज" ओरडतो. "दादा, तूच वाजव. आपली गाणी वाजव." हळदीला आठ आठवडे होते. लग्नानंतर दहा दिवसांत ती मेलबर्नला जाणार होती. मी तोंडात घास असतानाच हो म्हणून टाकलं.

आता मला यातलं शून्य येत होतं. पण काही येत नसलं की पहिलं काय करायचं, हे आम्हा इंजिनियर लोकांना बरोब्बर ठाऊक असतं. एक्सेल उघडायचं.

सहा सॉफ्टवेअर्स आडवी, सतरा निकष उभे. प्रत्येक निकषाला वेटेज, प्रत्येक खान्यात दहापैकी गुण, खाली बेरीज. खोटं कशाला बोलू, ते पाच आठवडे फार मजेत गेले. वाचायला एवढं काही सापडलं की रात्रीचे दोन कधी वाजायचे कळायचं नाही.

सेराटोचंच बघा. न्यूझीलंडच्या या कंपनीनं २००४ मध्ये रेन कंपनीबरोबर स्क्रॅच लाइव्ह काढलं. त्यासोबत यायच्या त्या तबकड्यांवर गाणं नसायचंच! नुसता एक सिग्नल कोरलेला असायचा. सुई तो वाचते, त्यावरून तबकडी किती वेगानं आणि कुठल्या दिशेनं फिरतेय हे कॉम्प्युटरला कळतं आणि तो आपल्या पोटातलं गाणं तसंच पुढंमागं करतो. म्हणजे हात जुन्या सवयीचे, गाणी हार्डडिस्कवरची. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. (आमच्या घरी टर्नटेबल नाही. तरीही मी सेराटोला "स्क्रॅचिंग" या निकषात नऊ गुण दिले.)

पायोनियरचं रेकॉर्डबॉक्स २००९ मध्ये त्यांच्या सीडीजे-२००० या प्लेअरबरोबर आलं. घरी बसून गाणी नीट लावायची, खुणा करायच्या, पेनड्राइव्हवर उतरवायची आणि क्लबमध्ये फक्त पेनड्राइव्ह खिशात घालून जायचं. क्लबांत त्यांचेच प्लेअर सर्रास असतात, त्यामुळे ज्याला पुढंमागं तिथं वाजवायचंय त्यानं डोकं न खाजवता हेच शिकावं. बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं ट्रॅक्टर इफेक्ट्सवाल्यांचं लाडकं. व्हर्च्युअलडीजेनं २०२० मध्ये चालू गाण्यातून गायकाचा आवाज आणि वाद्यं जागच्या जागी वेगळी करून दाखवली. अल्गोरिडिमचं डीजे दिसायला सगळ्यांत देखणं. (याचं नावही डीजेच आहे, आईला सांगायची सोय नाही.) आणि शेवटी मिक्स. २००१ मध्ये एका पीएचडीच्या प्रबंधासाठी सुरू झालेलं, आजही फुकट आणि ओपन सोर्स. त्याचा चेहरा जरा आमच्या सबमिशनच्या प्रोजेक्टसारखा असल्यानं "रूप" या निकषात मी त्याला चार दिले.

नवख्यांना सगळ्यात गोड वाटणारा मोह म्हणजे ऑनलाइन गाणी. विकत घ्यायला नको, साठवायला नको. स्पॉटिफायनं १ जुलै २०२० पासून डीजे सॉफ्टवेअर्समधून आपली गाणी काढून घेतली आणि २०२५ मध्ये काहींना परत दिली. मधली पाच वर्षं ज्यांच्या याद्या तिथंच होत्या त्यांनी काय केलं असेल? शिवाय लॉनवरच्या नेटवर्कच्या भरवशावर बहिणीची हळद सोडायची माझी छाती नव्हती. गाणं आपल्या डिस्कवर असावं. हा सतरापैकी एकमेव निकष, ज्याबद्दल माझं मत आजही बदललेलं नाही.

या काळात धाकटी तीनदा येऊन विचारून गेली. "दादा, गाणी काढायला कधी बसायचं?"

"अगं, आधी सॉफ्टवेअर तर फायनल होऊ दे."

तिसऱ्यांदा मी हेच म्हणालो तेव्हा ती दारातच थोडा वेळ उभी राहिली. मग दार हळूच लोटून गेली.

आमच्या टीममधला एक जण शनिवारी रात्री एका पबमध्ये वाजवतो. एकदा कॅन्टीनमध्ये मी त्याच्यासमोर मोठ्या अभिमानानं ती शीट उघडली. त्यानं चहा संपेपर्यंत ती वरखाली केली आणि विचारलं, "वाजवणार कुठं?"

"कोथरूडला, कार्यालयाच्या लॉनवर."

"मशीन?"

इथं मी अडखळलो. ऑफिसच्या लॅपटॉपवर परवानगीशिवाय एक फॉन्टसुद्धा टाकता येत नाही. माझा स्वतःचा आठ वर्षं जुना, त्यावर उबंटू.

"मग मिक्स," तो म्हणाला. "यातली बाकीची पाच लिनक्ससाठी येतच नाहीत. हा काय, तुझा दुसराच कॉलम आहे. याला तू वेटेज किती दिलंयस? पाच टक्के?"

मी म्हटलं, विंडोज टाकेन म्हणत होतो, किंवा नवा लॅपटॉप घेईन... त्यानं कप खाली ठेवला. "गाणी कुठायत?"

"अजून काढली नाहीत."

"हळद कधी आहे?"

"एकोणीस दिवसांनी."

तो काही बोलला नाही. शीट बंद करून लॅपटॉप माझ्याकडे सरकवला फक्त.

त्याच रात्री मिक्स टाकलं आणि दहाव्या मिनिटाला पहिला धडा मिळाला. लोकांना एक गाणं ऐकू जात असताना तुम्हाला पुढचं गाणं हेडफोनमध्ये ऐकून तयार ठेवावं लागतं. म्हणजे आवाजाच्या दोन वेगळ्या वाटा हव्यात. लॅपटॉपला भोक एकच! जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, साउंडकार्ड दोन वाटांचं नसेल तर तुम्ही आंधळेच. माझ्या सतरा कॉलमांत हा कॉलमच नव्हता. मित्राचा एक छोटा, दोन डेकचा कंट्रोलर उसना आणला. त्यात हेडफोनची स्वतंत्र वाट आतच असते, आणि मिक्सच्या यादीत त्याचं नाव असल्यामुळे जोडल्या जोडल्या ओळखला गेला. तुम्ही नवखे असाल तर आधी हातात काय येतंय ते बघा. सोबत जे सॉफ्टवेअर चालतं ते तुमचं. बहुतेकांची फुकट आवृत्ती मिळते, आणि पहिल्या सहा महिन्यांत तुम्हाला जे येणार नाहीये ते या सगळ्यांत सारखंच आहे.

मग गाण्यांना बसलो. मीच तिच्या खोलीचं दार वाजवलं.

"झालं फायनल?"

"झालं."

"मला वाटलं तुला बसायचंच नाहीये," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. तसं नाही गं, एवढंच म्हणू शकलो. तसंच होतं. यादी झाली की हळद, हळद झाली की विमानतळ. एक्सेलच्या खाली कितीही कॉलम वाढवता येतात.

रोज रात्री जेवणानंतर दोन तास. प्रत्येक गाण्याला तिच्याकडे एक माणूस होता. हे मामाचं, हे वरच्या काकूंचं, हे आपण गणपतीत बसवलेलं आणि तू विसरून स्टेजवर उभा राहिलेलास ते. आजीचं म्हणजे 'अलबेला'तलं, भगवानदादांचं. आणि तिथंच सॉफ्टवेअर हरलं.

त्याचं असं आहे. ही सॉफ्टवेअर्स गाण्याचा वेग मोजतात आणि त्यावर ठोक्यांची एक जाळी टाकतात. दोन गाण्यांच्या जाळ्या जुळवल्या की 'सिंक'. आजची कॉम्प्युटरवर बांधलेली गाणी त्यात चपखल बसतात. पण १९५१ मध्ये सी. रामचंद्रांचे वादक एकत्र बसून वाजवायचे, कानात मेट्रोनोम नसायचा. रंगात आले की वेग वाढायचा, गाणारा रेंगाळला की तेही रेंगाळायचे. वेग एकच आहे असं धरून टाकलेली जाळी दुसऱ्या कडव्यापर्यंत पार घसरलेली. मिक्समध्ये वेग स्थिर धरू नकोस असं सांगायची सोय आहे, रेकॉर्डबॉक्समध्येही आहे. तेही करून पाहिलं. सिंक चालू केलं तर आता बरोबरचं नवं गाणं त्या जुन्या वादकांमागे धापा टाकत पळायला लागलं. कोळीगीतांची गत वेगळी. त्यांचा ठेका सहाचा, मशीन बिचारं चारात मोजणार. चार ठोक्यांचा लूप लावला की होडी एका बाजूला कलायची.

"अरे, मग नको ना जोडूस," धाकटी म्हणाली. "आधीचं संपू दे. मग आजीचं लाव."

एवढं सोपं उत्तर मला सुचलं नव्हतं.

हळदीच्या दिवशी साडेसातला स्पीकरमधून कट्-कट् आवाज यायला लागला. मीच केलेलं होतं. उगाच ऐट म्हणून बफर जेमतेम सहा मिलिसेकंदांवर ठेवला होता. जुन्या लॅपटॉपला तेवढ्या वेळात पुढचा घास तयार करता येईना. १०२४ सॅम्पल केले, म्हणजे साधारण तेवीस मिलिसेकंद. कट्-कट् थांबली. हे तेवीस मिलिसेकंद पाहुण्यांत कुणाला कळले असतील तर त्यांचे पाय धरायला हवेत. दोन गाणी वाईट जोडली गेली, एक चुकून दोनदा लागलं. मामा दोन्ही वेळा तेवढेच नाचले.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, उघड्यावर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद. पावणेदहाला मॅनेजर येऊन माझ्यामागे घड्याळ बघत उभा राहिला. मी चालू गाणं संपू दिलं. सिंक बंद. दोन सेकंद पूर्ण शांतता, पबमध्ये असं झालं तर माणसं घरी निघतील. मग ते गाणं लागलं. आजी खुर्चीत बसल्या बसल्या आधी मानेनं आणि मग खांद्यानं सुरू झाली. धाकटीनं हळदीच्या हातांनी तिला उठवलं. दोघी जागच्या जागी, भगवानदादांसारख्या कोपरं हलवत, अगदी हळू. मधेच धाकटीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या हाताला काही काम नव्हतं, तरी मी फेडर धरून उभा होतो.

परवा आई फोनवर कुणाला तरी लग्नाचं सांगत होती. "छे हो, डीजे कुठला आणतोय? घरचाच होता."