‘किरकोळ’चा रकाना

काटकसर हा स्वभावाचा भाग आहे, असं मी उभं आयुष्य मानत आले. पैसा कमी म्हणून माणूस कष्टी होत नाही, थोडक्यात रमता येत नाही म्हणून होतो, हे माझं ठाम मत. भिशीत, महिला मंडळात, लग्न ठरलेल्या मुलींसमोर मी ते ऐकवलेलं आहे आणि पुरावा म्हणून दर वेळी स्वतःचंच घर पुढे केलेलं आहे. ते मत आता माझं राहिलेलं नाही. निदान जसंच्या तसं राहिलेलं नाही.

पुरावा तसा भक्कम होता. आम्ही ठाण्याचे, नौपाड्यातले. आमचे हे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, तिची ही पहिली औद्योगिक वसाहत. आमच्या लग्नाच्या वेळी ‘मुलगा वागळे इस्टेटला आहे’ एवढं सांगितलं की मुलीकडचे पुढचं फारसं विचारत नसत. नव्वदीनंतर तिथले कारखाने एकामागून एक बंद पडत गेले, त्यात यांचाही गेला. देणी अडकली ती अडकलीच. पुढे हे दादरला एका दुकानात हिशेब लिहायला जात, पण घर चालायचं ते माझ्या पगारावर. मी एका अनुदानित शाळेत क्लार्क होते. हातातोंडाची गाठ पडायची, वर फार काही उरायचं नाही.

तरी आम्ही रडत दिवस काढले नाहीत. यांचा दादरचा पास असायचा, म्हणजे रविवारी मुलीला आणि मला तेवढं तिकीट काढायचं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून मुलांचं क्रिकेट बघायचं, चौपाटीवर पाय भिजवायचे, घरून नेलेल्या दशम्या खायच्या आणि दिवेलागणीला परत. ठाण्यातच असलो तर तलावपाळी. गडकरी रंगायतन १९७८ मध्ये सुरू झालं. तिथल्या बाल्कनीतून मी जितकी नाटकं पाहिली, तितकी पुढच्या रांगेत बसणाऱ्यांनी पाहिली असतील की नाही कोण जाणे. जानेवारीच्या थंडीत शाल गुंडाळून म्हाळगी व्याख्यानमालेला जायचं. पाडव्याला शोभायात्रा. आणि दिवाळी झाली की ग्रंथसंग्रहालयातून दिवाळी अंक. ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ सालचा, तेव्हापासून मराठी माणूस दिवाळीला वाचायला बसतो खरा, पण सगळे अंक विकत घेणं कोणाला परवडतं? वाचनालयाची जादा वर्गणी भरली की एकेक अंक पाळीपाळीने घरी येई आणि होळीपर्यंत आमची दिवाळी चाले.

स्वयंपाकघरातली माझी ख्याती दोडक्याच्या शिरांच्या चटणीसाठी. दोडका घ्यायचा जांभळी नाक्यावर, संध्याकाळी, मंडई उठता उठता, जेव्हा बायका उरलेल्या मालाचे वाटे लावतात. शिरा काढताना हात थोडा जड ठेवायचा, म्हणजे सालीबरोबर जरा गरही येतो. बारीक चिरून लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात मंद आचेवर परतत राहायचं. आधी त्या पाणी सोडतात, मग आक्रसतात, मग तव्यावर खुळखुळायला लागतात. तो आवाज आला की तीळ, किसलेलं सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ. गरम भाकरीबरोबर ही चटणी आणि वर कच्चं तेल असलं की भाजी कुणी मागत नाही. एका दोडक्यात दोन जेवणं. हे सांगताना माझा आवाज अजूनही थोडा चढतो, हे मला माहीत आहे.

तर अशी मी, आणि माझ्याकडे सल्ला मागायला भाची आली. ती घोडबंदर रोडला राहते, कासारवडवलीच्या पुढे, एका उंच टॉवरमध्ये. नवरा-बायको दोघं कमावतात. दोघांचा मिळून पगार आमच्या काळच्या मानाने डोळे विस्फारावेत असा. ती म्हणाली, “मावशी, महिनाअखेर हातात काही राहत नाही. बरं, मजा केली म्हणावं तर तीही केलेली नसते. तू एकदा बघ ना हिशेब.”

मी उत्साहाने गेले. सोबत माझ्या जुन्या वह्याही नेल्या, हिला दाखवू म्हटलं कसं करतात ते. तिचा हिशेब मोबाइलवर, रंगीत चकत्यांचा. सगळ्यात मोठी चकती गृहकर्जाच्या हप्त्याची. मग सोसायटीचा मेंटेनन्स, त्यात पाण्याच्या टँकरचा जादा आकार. मुलीच्या शाळेची फी, शाळेची बस. मग रिक्षा. मीटरचं किमान भाडं २०२५ च्या फेब्रुवारीत २३ वरून २६ रुपये झालं, आणि तिच्या गेटातून बाहेर पडून कुठेही जायचं तर किमान भाड्यात काही जवळ नाही. शेवटी एक चकती ‘मनोरंजन’ नावाची. ती बघून मी म्हटलं, सापडला चोर. बाहेरून मागवलेलं जेवण, दोन-तीन ठिकाणच्या सबस्क्रिप्शन. तिने निमूटपणे मी सांगितलं ते सगळं काढून टाकलं. तरीही चकती बरीच उरली. बाकी होतं ते काय? मुलीला रविवारी बाहेर न्यायचं. बाहेर म्हणजे मॉल, कारण चालत जाण्यासारखं दुसरं काही नाही. येण्याजाण्याची रिक्षा, तिथे मुलांच्या खेळांचं तिकीट, भूक लागली की तिथलंच खाणं, कारण घरचा डबा उघडायला तिथे बसू देत नाहीत.

“बागेत ने की,” मी म्हटलं.

“कुठली बाग, मावशी? सोसायटीतली लॉन आहे, त्यावर चालायला बंदी आहे.”

मग तिने माझी वही चाळली. बराच वेळ चाळली. म्हणाली, “यात मनोरंजनाचा रकानाच नाही.” खरंच नव्हता. नाटक, वाचनालय, तलावपाळीची भेळ, सगळं मी ‘किरकोळ’मध्ये लिहीत असे. ती हसून म्हणाली, “रागावू नकोस, पण तू निम्मं आयुष्य फुकटात काढलंस.”

रागावले. चांगली दोन दिवस रागावले. तिला उत्तर द्यायचं म्हणूनच वह्या पुन्हा काढल्या, की बघ, किती ठिकाणी मी मन मारलं, किती ठिकाणी डोकं चालवलं. ते होतंच वहीत. पण उत्तर शोधताना मला त्या वहीत जे कधीच लिहिलेलं नव्हतं तेच दिसायला लागलं.

पहिलं म्हणजे भाडं. आमची जागा पागडीची. १९४७ च्या कायद्याने भाडी जी गोठली ती गोठली. १९९९ चा नवा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यातही वाढ वर्षाला ४ टक्के. महिन्याचं भाडं वहीत एवढं किरकोळ दिसतं की मी त्याला काही मोठं सुख समजलेच नव्हते. भाचीच्या मिळकतीचा सगळ्यात मोठा तुकडा ज्या गोष्टीवर जातो, त्या गोष्टीवर मी दुधाच्या बिलाएवढाही खर्च केला नाही. उरलेल्या पैशांत मी टुकीने संसार केला हे खरं, पण ते उरले होते म्हणून. अंथरूण पाहून पाय पसरावे, असं मी लोकांना सांगत आले. आपलं अर्धं अंथरूण दुसऱ्यांनी घातलेलं आहे, हे मात्र कधी पाहिलं नाही.

दुसरं वाचनालय. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. माझ्या आजीच्याही जन्माआधी कुणीतरी ते उभं केलं, चालवलं, आणि माझ्या पिढीने वर्गणीच्या चार पैशांत त्याची फळं खाल्ली. १९६७ च्या कायद्याने मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग लावून सरकारी अनुदान मिळतं, म्हणून वर्गणी चार पैशांत राहते. मुलीची शाळा अनुदानित, तिथे फी नावापुरती. यांचा सेकंड क्लासचा पास रोजच्या तिकिटांच्या बेरजेच्या कितीतरी खाली. रंगायतन पालिकेचं. तलावाचा कठडा पालिकेचा. वहीत ‘किरकोळ’ लिहिलेल्या प्रत्येक आनंदाच्या मागे अशी कुणाची तरी भरलेली रक्कम होती.

आणि ही रक्कम आकाशातून पडत नव्हती. पागडीच्या भाड्यात मालकाला इमारत दुरुस्त करणं परवडत नव्हतं. आमचा जिना एका बाजूने खचला होता आणि आम्ही मालकालाच शिव्या घालत होतो. वाचनालयात पुस्तक काढून देणाऱ्या बाईंचा पगार माझ्यापेक्षा बराच कमी होता, कारण अनुदानात तेवढंच बसत होतं. माझी स्वस्ताई थोडी त्यांच्याही खिशातून जात होती. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण वहीचा ताळेबंद पुरा करायचा तर ही बाजू मांडायला हवी.

एका अनुभवाने तर शंकेला जागाच ठेवली नाही. फिरायची मला आवड, पण कारणाशिवाय तिकीट काढणं माझ्या हाताला कधी जमलं नाही. लग्न, बारसं, दहावा असेल तरच एसटी. हा माझा संयम आहे असं मी समजत होते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि मी मैत्रिणीला घेऊन खोपटच्या डेपोतून अलिबागची गाडी पकडली. काम काही नाही. समुद्र बघितला, घरून नेलेली थालीपिठं खाल्ली, परत आलो. त्यानंतर कधी वाडा, कधी मुरबाड. संयम कुठे गेला? तो संयम नव्हताच, ती तिकिटाची किंमत होती. एका सरकारी निर्णयाने माझा स्वभाव बदलावा, म्हणजे तो स्वभाव किती माझा होता?

हे कळल्यावर जुनी एक गोष्ट टोचायला लागली. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मी एकदा हिशेबाची वही भेट दिली होती, लिहीत जा म्हणून. त्या हसल्या आणि पिशवीत टाकून घेऊन गेल्या. त्यांचं घर अकरा महिन्यांच्या कराराचं. दर अकरा महिन्यांनी नवी अनामत, नवी दलाली, कधी नवी वस्ती, मुलांची शाळा तिथून लांब. त्या माझ्यापेक्षा दसपट काटकसरी होत्या. त्यांच्या काटकसरीत मला कधी मजा दिसली नाही, तेव्हा मी ती त्यांच्या स्वभावातली उणीव धरली. पुढच्या महिन्यात छप्पर कुठलं असेल हे ज्याला माहीत नाही, त्याला थोडक्यात रमायला सांगणं हा शहाणपणा नाही. मला रमता आलं, कारण पहिल्या तारखेला पगार येणार आणि जागा कुणी काढून घेणार नाही, एवढं मला ठाऊक होतं.

हे सगळं घरात बोलले तर हे म्हणाले, “म्हणजे तुझं कर्तृत्व काहीच नाही म्हणतेस?” तसं मी म्हणणार नाही. शेजारच्याच खोल्यांत, तेवढ्याच भाड्यात, त्याच वाचनालयाच्या दारावरून रोज जाणारी माणसं कुढतही होती. नाटकाला बाल्कनीत बसायची लाज वाटणारे होते. आहे त्याचा आस्वाद घेणं हे शिकावं लागतं, ते मी शिकले आणि मुलीला शिकवलं. एवढं श्रेय मी सोडत नाही. पण शिकण्यासाठी समोर काहीतरी असावं लागतं, आणि ते प्रत्येकाने एकट्याने उभं करायचं म्हटलं तर त्याची किंमत भाचीच्या मोबाइलवरच्या चकतीएवढी होते.

भाचीच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये एक खोली रिकामी पडून असते. तिथे पुस्तकं ठेवू, मुलांना कॅरम ठेवू, असं तिने आणि आणखी चौघींनी कमिटीला लिहून दिलं आहे. पाठिंब्याला मी दिवाळी अंकांचा एक गठ्ठा पाठवला. कमिटीतल्या काहींना ती खोली वाढदिवसांना भाड्याने द्यायची आहे, म्हणजे मेंटेनन्समध्ये भर पडेल. त्यांचंही खोटं नाही. वाद चालू आहे. बसथांबा गेटाजवळ यावा म्हणून भाचीने आणि त्या चौघींनी अर्जही केला आहे, त्यावर मी सही करू शकत नाही, कारण मी तिथे राहत नाही. पण अर्जाचा मसुदा माझा आहे. क्लार्क होते शेवटी.

महिला मंडळात अजून बोलावतात. विषय तोच असतो, काटकसरीचा संसार. मी जाते, पण आता आधी विचारते : भाडं किंवा हप्ता मिळकतीचा कितवा हिस्सा? बसथांबा किती लांब? चालत जाण्यासारखं वाचनालय, बाग, मैदान आहे का? नसेल तर त्यासाठी नगरसेवकाकडे कोण कोण गेलं होतं? बायका जरा चुळबुळतात, त्या दोडक्याच्या चटणीची कृती घ्यायला आलेल्या असतात. तीही सांगते. पण शेवटी.