ऐनवेळचे विषय

संचालक मंडळाच्या विषयपत्रिकेत पहिला विषय ठरलेला असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचाही ठरलेला असतो: मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. सहकारी पतसंस्था आणि नागरी बँकांच्या सभांची तयारी करताना माझे मत पक्के होत गेले की, सभेची पारख या शेवटच्या ओळीवरून करावी. तिच्याखाली दुखवट्याचा किंवा अभिनंदनाचा ठराव आला तर काही बिघडत नाही. पण कर्ज, मोठी खरेदी, नोकरभरती किंवा थकबाकीदाराशी तडजोड आली, तर मंडळाच्या हाती मान डोलावण्यापलीकडे काही उरत नाही. कर्जप्रस्ताव कळायला तारणाचे मूल्यांकन, आधीच्या कर्जाची परतफेड, जामीनदार आणखी किती जणांना जामीन आहे, हे शांतपणे पाहावे लागते. लोक घड्याळाकडे बघू लागल्यावर ते कोण पाहणार? शिवाय महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७३ प्रमाणे समितीच्या निर्णयांना सदस्य संयुक्तपणे आणि व्यक्तिशःही जबाबदार असतात. गप्प बसलेला संचालकही त्यातून सुटत नाही.

तातडीचे काय, असे विचारले जाते, आणि प्रश्न रास्त आहे. कंपनी कायदा, २०१३ ने तो विचारात घेतला आहे. कलम १७३ मध्ये सभेची सूचना किमान ७ दिवस आधी हवी. तातडीच्या कामासाठी ती मुदत कमी करता येते, पण कंपनीत स्वतंत्र संचालक असतील तर त्यांपैकी एक तरी हजर हवा, नाहीतर एकाने तरी मान्यता दिल्याशिवाय निर्णय अंतिम होत नाही. सवलत आहे, पण तिला कडी लावलेली आहे. सहकारी संस्थेनेही आपल्यापुरती अशी कडी लावून घ्यावी: विषय थांबू का शकत नव्हता हे इतिवृत्तात लिहावे आणि ठराव गैरहजर संचालकांना लगेच कळवावा.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. टिपणी आधी पाठवली तरी संचालक पाकीट सभेतच फोडतात. हे खरे आहे, पण यात दोष बराचसा टिपणी लिहिणाऱ्याचा असतो. झेरॉक्सच्या गठ्ठ्यात मंडळाने नेमके काय ठरवायचे आहे हेच सापडत नाही. प्रस्ताव, कार्यालयाची शिफारस, विरोधातले मुद्दे आणि नामंजूर केल्यास होणारा परिणाम, एवढे दोन पानांत मांडा, लोक वाचतात. वाचून आलेला संचालक प्रश्न विचारतो, न पटल्यास विरोध नावानिशी नोंदवायला सांगतो, आणि पुढे चौकशी झालीच तर तीच नोंद त्याच्या बाजूने उभी राहते.